आपले म्हणजे कोणाचे?

फार पूर्वीच्या एका राज्यात पाणी मचूळ होते, राजाचे बोलणे तेवढे गोड. त्या पाण्याने लेकरे खंगत. एका कुंभारणीची थोरली त्यातच गेली आणि धाकटीने अंथरूण धरले होते. पाणी गोड करणारा घडा घडवायचा, एवढाच तिला ध्यास होता.

राजाने दवंडी पिटवली, "परक्यांच्या वस्तू पुरे झाल्या. यापुढे शोध लागतील ते आपल्याच राज्यात."

ती ऐकून समुद्रापलीकडचा एक व्यापारी दरबारात आला. "महाराज, मी इथेच शोधशाळा काढतो. माणसे इथली, माती इथली."

राजा हरखला. त्याने पांढऱ्या मातीची अख्खी टेकडी त्याला देऊन टाकली आणि भर दरबारात म्हणाला, "या शाळेत जे सुचेल, ते आपले." व्यापाऱ्याने वाकून मुजरा केला.

कुंभारीण शाळेत कामाला लागली. त्या पांढऱ्या मातीचे कितीतरी घडे भट्टीत तडकले. अखेर एकातून गोड पाणी झिरपले. तो उराशी धरून ती घरी निघाली, तर पहारेकऱ्याने अडवले. "घडा मालकांचा आहे, बाई."

ती राजाकडे गेली. व्यापारी तिथेच बसला होता. "महाराज, माती आमची, डोकं आमचं, अन् हा आयत्या बिळावर नागोबा. माझी पोर या पाण्यापायी चाललीय. एक घडा तरी देववा."

व्यापारी अदबीने म्हणाला, "दरबारात मला सगळे 'आपण' म्हणतात. महाराजही म्हणतात. मग 'ते आपले' म्हणजे माझेच ना? चुकत असेन तर सांगावे. शाळा शेजारच्या राज्यात हलवतो."

राजाला एवढेच म्हणायचे होते, की आपले म्हणजे आमचे. पण शाळा गेली तर मिरवायचे काय? कसला राजा आणि कसले काय. तो खाली पाहत म्हणाला, "आपले म्हणणे बरोबर आहे."

घडे गलबतांत भरून परदेशी गेले. कुंभारणीने घरी चाक फिरवून पाहिले, पण टेकडीवरची मूठभर मातीही तिला कोणी घेऊ देईना. धाकटी गेली.

दुसऱ्या दिवशी दवंडी आली. पाणी गोड करणारा घडा आपल्या राज्यात शोधला गेला, त्या आनंदात घरोघर दिवा लावावा. कुंभारणीच्या घरात दिवा होताच. पोरीला जिथे निजवले होते, तिथे तो जळत होता. दवंडीवाल्याने तोही मोजला.

तात्पर्य एवढेच: शोध कुठे लागला यावर नाचण्याआधी तो कोणाच्या हाती राहणार, हे विचारावे. मागून विचारल्याने गेलेले लेकरू परत येत नाही.