उंबराच्या चिकाचे टाके

हे सारं असंच घडलं, की मी ते माझ्या सोयीने लक्षात ठेवलं, याची मला खात्री नाही. मी म्हातारं घुबड आहे. फार वर्षांपूर्वी मी उंबराच्या ढोलीत शाळा चालवत असे. पानं शिवून घरटं करणारी एक इवलीशी शिंपीण माझ्याकडे शिकत होती. टाक्यांवर उंबराचा चीक लावला तर ते वाऱ्यात सुटत नाहीत, हा तिचा शोध. ढोलीसमोरच्या फांदीवर तिने असे सात टाके घातले आणि माझ्यादेखत ओढून दाखवले.

वादळापूर्वी सगळ्या शिंपिणींची घरटी तशी शिवायची, तर तिला स्वतःसाठी खाणं शोधायला वेळ उरणार नव्हता. म्हणून ती मुंग्यांच्या मुकादमिणीला घेऊन आली.

"गुरुजी, आम्हाला यातलं ओ का ठो कळत नाही," मुकादमीण म्हणाली. "तुम्ही नुसतं 'टिकेल' म्हणा. वीस दिवसांचा शिधा आमचा."

टिकेल, हे मला ठाऊक होतं. पण चुकलो तर रान हसेल.

"अजून थोडा अभ्यास व्हायला हवा," मी म्हणालो.

"मग झाला की बोलवा." मुकादमीण झाड उतरून गेली.

"गुरुजी, उपाशीपोटी अभ्यास कसा करू?" शिंपिणीने विचारलं. मी डोळे मिटून घेतले. घुबडाला दिवसा झोपायची मुभा असते.

त्या वादळात बत्तीस घरटी पिल्लांसकट गेली. शिंपीण रान सोडून गेली.

कित्येक वर्षांनी धीर करून मी त्या फांदीवर गेलो. पानांची नुसती जाळी उरली होती. सातही टाके मी चोचीने ओढून पाहिले. एकही सुटला नाही.