दगडावर पहिलं नाव कोणाचं

“दगडावर पहिलं नाव माझंच! गाळ कोणी उपसला?” रेडोबा गरजले.

“आणि सेवा मंडळ कोणी काढलं रे?” अध्यक्ष वानराने दात विचकले.

डोंगर अजून कोवळे होते, तेव्हाची ही गोष्ट. बुजलेला झरा मोकळा करायला मंडळ जमलं आणि पाणी लागायच्या आधीच झऱ्याकाठी बसवायच्या दगडावरच्या नावावरून जुंपली. मंडळातल्या खेकडीने पोटाशी धरलेली पिल्लं मात्र पाण्यावाचून सुकत चालली होती. ती एकटीच चिखल उकरत राहिली. अचानक नांगीला गार थरथर लागली. एवढा थोरला डोंगर आतून वाहतोय, हे कळून ती श्वास घ्यायचीच विसरली. थरथरीचा माग काढत ती रेड्यापाशी पोचली आणि कडाडली, “रेडोबा, आधी पाय उचला, झरा तुमच्या खुराखाली आहे!”