शेकरूच्या डोळ्यातला ठिपका

एकदा एक वयोवृद्ध छायाचित्रकार आपल्या शिष्यासह सह्याद्रीतल्या एका राईत मुक्कामाला होता. राई इतकी निबिड, की भरदुपारीही खाली तिन्हीसांजा वाटाव्यात. तीन वर्षं दोघेच. बोलणं जेवढ्यास तेवढं, कारण बोललं की जनावर पळतं. शिष्याला एकटेपण खायला उठे, पण सांगणार कोणाला? गुरूंच्या तोंडून एकदा तरी ‘शाब्बास’ निघावं, एवढ्या एका आशेवर तो तग धरून होता. आणि तेच काही निघत नव्हतं.

शेंड्यावर बसणाऱ्या शेकरूचं छायाचित्र त्याने शंभरदा तरी घेतलं असेल. दरवेळी डोळा आपला कोळशासारखा मृत. फ्लॅशचा उजेड तिथवर पोचेचना! अखेर त्याने शहरातून एक्स्टेंडर मागवला, म्हणजे फ्लॅशच्या पुढ्यात बसवायचं पातळ, रेघारेघांचं भिंग. त्यातून पसरणारा उजेड एकवटतो आणि लांब जातो. अन् खरोखरच त्या दुपारी शेकरूच्या डोळ्यात मोहरीएवढा ठिपका चमकला. जिवंत डोळा! शिष्य धावतच गुरूंकडे गेला.

गुरूंनी चित्र बराच वेळ न्याहाळलं. शाब्बास नाही की काही नाही. म्हणाले, “ही लांबची लेन्स काढ, साधी लाव. भिंग मात्र राहू दे. आता माझा फोटो घे.”

“तुमचा? अहो नाना, तुम्ही चार हातांवर बसलाय. त्याला भिंग कशाला?”

“सांगितलं तेवढं कर.”

म्हातारपणी चळ लागला की काय, असं मनाशी म्हणत शिष्याने फोटो घेतला. पडद्यावर बघतो तर काय, गुरूंच्या कपाळावर पांढराफटक गोळा आणि भोवती मिट्ट काळोख. कान नाहीत, खांदे नाहीत, मांडीवरचे हातसुद्धा नाहीत.

“सापडलो का मी?” गुरूंनी विचारलं.

“नाही,” शिष्य ओशाळून म्हणाला.

“अरे, भिंग उजेड वाढवत नाही. असतो तेवढाच असतो. लांबच्याला द्यायचा तर आजूबाजूचा काढून घ्यावा लागतो. चाळीस वर्षं मी हेच केलं. हजारभर पाखरं टिपली. बायको अशीच चार हातांवर बसायची, चहाचा कप घेऊन. ती गेली तेव्हा हार घालायला घरात फोटो नव्हता रे. रेशनकार्डावरचा मोठा करून आणला. तुझं चित्र उत्तम आहे. याआधीचीही होती. पण जवळच्या माणसाला दोन शब्द द्यायचे असतात, हे मला अजून जमत नाही.”

या राईत एकटे आपणच आहोत, असं शिष्य तीन वर्षं समजत आला होता. त्याने भिंग उतरवून पिशवीत ठेवलं.

“नाना, जरा माझ्याकडे बघा.”

गुरूंनी लगबगीने सदऱ्याचं वरचं बटण लावलं, विरळ केसांवरून हात फिरवला आणि पहिल्यांदाच शाळेत गेलेल्या पोरासारखं विचारलं, “हसू का रे?”