खापरीत न पडलेले फळ

वर्षांना जेव्हा आकडे नव्हते आणि माणसे काळ ओळखत ती झाडांच्या बहरावरून, तेव्हाची ही गोष्ट आहे. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी ऐकता ऐकता थोडे स्वतःकडे पाहावे.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. घरे चाळीस, आणि प्रत्येक घराच्या परसात एक तरी पेरूचे झाड. मार्गशीर्षाच्या पौर्णिमेला गावदेवाला फळचुऱ्याचा नैवेद्य दाखवण्याची तिथे रीत होती. हा नैवेद्य द्वारका नावाच्या गृहिणीच्या घरी होई, कारण तिच्या सासूच्या सासूपासून तो त्याच चुलीवर होत आला होता.

फळचुरा करणे दिसते तितके सोपे नव्हते. मातीच्या पसरट खापरीला तूप माखायचे. पेरूच्या बिया काढून गराच्या फोडी तिच्यात रचायच्या, वर गूळ आणि जायफळ घालायचे. मग गव्हाच्या जाडसर पिठात थिजलेले तूप घालून ते बोटांच्या टोकांनी हलके चोळायचे. मळायचे मात्र नाही. मळले की त्याची कणीक होते, चोळले तर वाळूसारखा मोकळा चुरा होतो. तो फोडींवर पसरायचा, झाकण ठेवायचे आणि वरखाली निखारे घालून खापरी भाजायची. खाली फळांचा रस आळावा आणि वर चुरा खरपूस व्हावा, असे साधले की सुरीने वड्या कापता येत.

या नैवेद्याचे खरे मर्म मात्र पाककृतीत नव्हते. प्रत्येक घराने आपल्या झाडाचे एक फळ द्यायचे, जसे असेल तसे. कोणाचे गुलाबी गराचे, कोणाचे गाठाळ. पाखराने टोचलेले असेल तर तेवढा भाग काढून बाकीचे घ्यायचे. सगळ्यांवर एकच चुरा पसरला की कोणाचे कोणते, हे देवालाच ठाऊक. प्रसाद घरोघर पोचवताना वाढणारी म्हणे, “यात तुमचंही आहे.” घेणाऱ्याने उत्तर द्यायचे, “सगळ्यांचं आहे.” एवढे दोन बोल झाल्याशिवाय प्रसादाला कोणी हात लावत नसे.

गावाच्या शेवटच्या घरात तान्हाई नावाची एक म्हातारी राहत असे. तिला मूलबाळ नव्हते. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून तिचे देवळात येणेही थांबले होते. तिच्या झाडाचे पेरू लहान, कडक आणि आंबट. तरी दर वर्षी ती त्यातला बरा पेरू निवडी, तीन पाण्यांनी धुई, पळसाच्या पानात ठेवी आणि जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाती द्वारकेकडे पाठवी. तिची सारी जत्रा तेवढीच होती.

एका वर्षी देवळावर नवा कळस चढायचा होता. बारा गावांची माणसे येणार होती. द्वारकेने अंगण दोनदा सारवले, नवी खापरी आणली, आणि फळे निवडायला बसली. शेजारी तिची धाकटी जाऊ येसू पीठ चाळत होती.

पळसाचे पान उघडताच येसू हसली. “घ्या, आला म्हातारीचा पेरू. पोपटाने आधी चाखून पाठवलाय.”

“चाखून थुंकला असेल,” द्वारका म्हणाली. दोघी हसल्या. मग द्वारकेने पेरू हातात फिरवला. देठाजवळ चोचीची खूण होती. “येसू, बारा गावांच्या देखत देवाला उष्टं फळ दाखवायचं?”

“सासूबाई तेवढाच भाग काढायच्या.”

“सासूबाईंच्या वेळी पाहुणे नव्हते. आणि उष्टं ते उष्टंच. सोवळ्याला डाग नको.”

येसूने चाळणी थांबवली. “अन् म्हातारीला काय सांगशील?”

“तिला कोण सांगायला जातंय? चाळीस फळांत एक.” असे म्हणून द्वारकेने तो पेरू दारच्या म्हशीपुढे टाकला. मग हात धुतले, देवाचे नाव घेतले आणि चुरा चोळायला बसली. आपण देवासाठीच हे केले, असे तिला मनापासून वाटत होते. म्हणूनच ही चूक तिला चूक वाटली नाही.

त्या दिवशी खापरीत नुसती गोड, पिकून मऊ झालेली फळे पडली. झाकण काढले तेव्हा रस आळलाच नव्हता. वरचा चुरा भिजून खाली बसला होता. वड्या कसल्या, प्रसाद पळीने वाढावा लागला. पाहुण्यांतली एक वृद्धा म्हणाली, “चव छान आहे हो. यंदा खीर करायची ठरली होती का?” द्वारकेने मान खाली घातली. निखारे कमी पडले असतील, तिने मनाची समजूत घातली.

दुपारी वाटी घेऊन ती तान्हाईकडे गेली. म्हातारी उंबऱ्यात वाटच पाहत होती. द्वारकेच्या तोंडून सवयीने शब्द निघाले, “यात तुमचंही आहे.”

“सगळ्यांचं आहे गं पोरी,” म्हणत तान्हाईने प्रसाद जिभेवर ठेवला आणि थांबली. पुन्हा एक घास घेतला. तिचे डोळे भरून आले.

“द्वारके, यंदा आंबटपणा लागतच नाही. माझं झाड गोड झालं की काय?”

द्वारका पदराचे टोक बोटाला गुंडाळू लागली.

“आमच्या घरधन्यानं लावलेलं झाड ते. मी रोज बोल लावायची, कसलं रोप आणलंत म्हणून. ते म्हणायचे, दम धर, होईल गोड. ते गेले, मी म्हातारी झाले, पण झाडाचं काही बदललं नाही. आज खरं झालं बघ त्यांचं म्हणणं. शेंड्याला एक पेरू राहिलाय, कोणाकडून तरी काढून घेते. आंबट म्हणून इतक्या वर्षांत मी आपल्या झाडाचं फळ पुन्हा नुसतं खाल्लं नाही.”

खरे सांगण्याचा तो क्षण होता. द्वारकेच्या मनात आले, इतकी आनंदात आहे, कशाला मोडायचा? पण हे म्हातारीविषयीचे प्रेम नव्हते. ती स्वतःची लाज झाकत होती. “बरं आहे आजी,” म्हणून ती निघून आली.

चार दिवसांनी ती त्या वाटेने गेली. तान्हाई उंबऱ्यात बसली होती. शेजारी शेंड्यावरून काढलेला तो पेरू पडला होता, एकच घास घेतलेला. म्हातारीने वर पाहिले आणि विचारले, “बऱ्या आहात ना, बाई?” आजवर तिने द्वारकेला ‘पोरी’ म्हटले होते. त्या दिवशी प्रथमच ‘बाई’ म्हणाली. रागाचा एक शब्द नाही, कुठे चहाडी नाही. द्वारका घरी आली, पण तिला दोन दिवस अन्न गोड लागले नाही.

वर्ष फिरले. पौर्णिमा आली. एकोणचाळीस घरांची फळे आली, पळसाचे पान आले नाही. द्वारका स्वतः तान्हाईच्या दारी गेली.

“आजी, फळ द्यायचं राहिलं तुमचं.”

“झाड यंदा धरलं नाही, बाई,” तान्हाई शांतपणे म्हणाली.

कुडाच्या वर झाड उभे होते. फांद्या पेरूंनी वाकून कुडाला टेकल्या होत्या. एक पेरू तर द्वारकेच्या खांद्याला लागत होता. दोघींनी झाडाकडे पाहिले, मग एकमेकींकडे. म्हातारीने द्वारकेची लाज उघडी पाडली नव्हती, उलट तिच्यावर आपले खोटे पांघरले होते.

त्या वर्षीही रस आळला नाही. द्वारका वाटी घेऊन गेली, तेव्हा तान्हाईने हात जोडले. “ज्यात आपलं नाही ते कसं घेऊ? देवाला माझा नमस्कार सांगा.”

द्वारकेच्या ओठांवर सारे आले होते: म्हैस, पेरू, पोपटाची थट्टा. पण मागून येसू येत होती. उद्या एकटीने येऊन पाय धरीन, असे तिने ठरवले. उद्या पाहुणे होते, पुढे एकादशी आली, आणि मग मळणी सुरू झाली. माघ लागला आणि एका सकाळी तान्हाईच्या घरातून धूर निघाला नाही. शेजारी गेले, तेव्हा ती जपाची माळ हातात धरून निजली होती. ती पुन्हा उठली नाही.

पुढच्या पौर्णिमेला द्वारका त्या ओसाड परसात गेली. पाखराने टोचलेला एक कडक पेरू तिने काढला, तीन पाण्यांनी धुतला, चोचीची खूण तेवढी काढली आणि सगळ्यांच्या आधी खापरीत ठेवला. निखारे नेहमीइतकेच होते, तूप नेहमीइतकेच होते. झाकण काढले तर खाली रस मधासारखा आळलेला आणि वर चुरा सोनेरी. गोड फळांना धरून ठेवणारे बळ त्या आंबट फळात होते. दोन वर्षे द्वारका ते निखाऱ्यांत शोधत होती.

“अशी वडी आजवर पडली नव्हती,” लोक म्हणाले. द्वारका वाटी घेऊन शेवटच्या घरी गेली. दाराला कडी होती. तिने वाटी उंबऱ्यावर ठेवली, डोके टेकवले आणि म्हणाली, “आजी, यात तुमचंही आहे.”

मग ती दुसऱ्या बोलाची वाट पाहत बसली. ऊन उतरले तरी ती तिथेच होती. तो बोल आला नाही आणि त्याच्याशिवाय प्रसादाला हात लावायचा नसतो, म्हणून त्या दिवसापासून मरेपर्यंत द्वारकेने फळचुरा रांधला, पण कधी चाखला नाही.

बाळांनो, आणि बाळांच्या आजी-आजोबांनो, एवढेच ध्यानात ठेवावे: देवाच्या नावाने कोणाचे देणे बाजूला सारू नये, आणि सारले गेलेच तर ज्याचे होते त्याच्यापाशी ते त्याच दिवशी कबूल करावे.