दाराशी बसून दिलेला सल्ला

फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्या राज्याचं नावही आता कोणाला आठवत नाही. तिथे एक नामांकित सल्लागार आला. राजांनी प्रजेसाठी केलेली कामं तपासायची आणि त्यांतून लोकांचं खरंच भलं होतं का ते सांगायचं, हे त्याचं काम. राज्याराज्यांतून त्याला बोलावणी येत आणि दर ठिकाणी एक शाल मिळे. इतक्या शाली मिळाल्या की माणसाला आपलं कधी चुकेल असं वाटेनासं होतं.

या राजाने राजधानीत मोठं प्रसूतिगृह बांधलं होतं. प्रधान म्हणाला, "आता गावोगावच्या सुईणी हव्यात कशाला? त्यांना मनाई करावी. सगळी बाळंतपणं इथेच व्हावीत."

राजा सल्लागाराला म्हणाला, "आठ दिवस पाहा. तुम्ही सांगाल तसा हुकूम काढू."

सल्लागाराने प्रसूतिगृहाच्या दाराशीच बैठक मांडली. बाळ घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाईला तो विचारी, "इथे कसं वाटलं?"

"शेगडी होती, गरम पेज होती, वैद्य होते. राजाचं भलं होवो!"

सत्तर बायकांनी हेच सांगितलं. एकीचीही तक्रार नाही. आठव्या दिवशी सकाळी त्याने लिहून दिलं की सुईणींची गरज उरलेली नाही. राजाने त्याला शाल पांघरली, हुकमावर शिक्का मारला आणि स्वार निघाले.

सल्लागार सामान बांधत होता. अंगण झाडणारी म्हातारी थांबली.

"म्हाराज, आल्या त्यास्नी इचारलंत. ज्या आल्याच न्हाईत, त्यास्नी कुनी इचारायचं?"

"अशा असून असून किती असतील?" तो वैतागून म्हणाला.

"त्ये बगायलाच तर तुमास्नी बोलावलं व्हतं न्हवं? माजी नात घाटावर दिलीया. दिस भरल्यात तिचं. घाट उतराया अर्धा दिस लागतो."

घाटाकडे तर तो फिरकलाच नव्हता. सामान तिथेच टाकून त्याने घोडा घाटाच्या वाटेवर घातला.

पण स्वार त्याच्या आधी पोचला होता. अर्ध्या घाटात समोरून डोली आली. भोई धापा टाकत होते. आत म्हातारीची नात कण्हत होती. सुईण रडत मागून पळत होती, पण पोरीला हात लावायची तिची छाती नव्हती.

"डोली खाली ठेवा!" सल्लागार ओरडला. "सुईणीला तिचं काम करू द्या."

"हुकूम मोडला तर आमाला कोन सोडवनार?" पोरीचा नवरा म्हणाला.

"तो हुकूम माझ्याच सल्ल्याने निघालाय. शिक्षा मी भोगीन. ठेवा खाली!"

डोली टेकली. सुईणीने लुगड्याचा आडोसा केला. पुरुष पाठ फिरवून उभे राहिले. पोरीचं ओरडणं वाढत गेलं आणि एकदम थांबलं. सगळे कान देऊन ऐकत होते. बाळाचं रडणं काही ऐकू आलं नाही.

बऱ्याच वेळाने सुईण बाहेर आली. "आई वाचली," ती म्हणाली. "घरीच मला हात लावू दिला असता, तर लेकरूबी वाचलं असतं."

दुसऱ्या दिवशी भर दरबारात सल्लागाराने शाल राजाच्या पायाशी ठेवली. "महाराज, मी सत्तर जणींना विचारलं. एकाहत्तरावीची कूस माझ्यामुळे रिकामी राहिली. मला शिक्षा करा."

राजाने हुकूम मागे घेतला आणि सल्लागाराला म्हणाला, "शिक्का माझा होता, तेव्हा दोष आपल्या दोघांचा. यापुढे राज्याच्या शेवटच्या गावात पायी जाऊन आल्याशिवाय तुम्ही सल्ला द्यायचा नाही आणि मी तो ऐकायचा नाही."

सल्लागाराने ते जन्मभर पाळलं. प्रसूतिगृह चालू राहिलं, सुईणीही राहिल्या, आणि घाटावर बाळं रडू लागली. म्हातारीच्या नातीचं बाळ मात्र परत आलं नाही.

तात्पर्य: दाराशी पोचलेल्यांचे आशीर्वाद घेण्याआधी, दारापर्यंत पोचूच न शकलेल्यांची विचारपूस करावी.