घोरपडबाई होती तेव्हा

प्राणी माळावर फुटबॉल खेळायचे, त्या काळातली ही गोष्ट. सशांचा संघ वरच्या गटात पार तळाला गेला होता. शेवटचा सामना हरला, तर खालच्या गटात उंदरांशी खेळायची पाळी येणार होती.

त्यांचे पाठीराखे कावळे बाभळीवर बसले होते. खेळाकडे लक्ष कमी, तोंडं मात्र चालू. पाठीराखे म्हणवणाऱ्यांची ही खोडच.

"हरीण शिकवायचं तेव्हा आपले ससे कसे पळायचे," थोरला कावळा म्हणाला.

"नुसतेच पळायचे. कोल्होबा होते तेव्हा जिंकायचो," धाकटा म्हणाला.

"त्याच कोल्होबाच्या डोक्यावर शिटला होतास ना रे? म्हणून तर गेला तो."

खाली आताची शिकवणारी, घोरपडबाई, सशांना एकच सांगत होती, "जागा सोडू नका." सशांनी जागा सोडली नाही. सामना बरोबरीत सुटला आणि संघ कसाबसा वाचला.

कावळे खाली उतरले. "बाई, पुढच्या वर्षीही तुम्हीच हं."

"वर्षभर टोचून टोचून पाठ सोललीत माझी. पोरांना मध्येच टाकून जायचं नव्हतं, म्हणून राहिले," असं म्हणून ती चालू लागली.

वाचलेले ससे आनंद करायचा सोडून पाठमोऱ्या बाईकडे बघत बसले. थोरला कावळा म्हणाला, "काही म्हणा, बाई होती तेव्हा गोल होऊ देत नव्हती."

ती अजून माळ ओलांडून गेलीही नव्हती.