हातावरचं दही

"...मग अजून काय शिकवायचं राहिलं, माई?"

पद्माकर विचारत होता आणि मठातल्या माई तळ्याकडे पाहत होत्या. पाण्यावर धुकं असं बसलं होतं की पलीकडचा काठ आहे की नाही, सांगता येऊ नये. मठाच्या पायऱ्या पाण्यात उतरतात की आभाळात, तेही कळत नव्हतं.

पद्माकर शाळामास्तर, माईंचा जुना शिष्य. बायको गेली तेव्हा शाल्मली पाळण्यात होती. तिला त्यानं एकट्यानं वाढवलं, आणि हे चारचौघांत सांगायला तो कधी लाजला नाही. आज पोर कॉलेजसाठी नागपूरला निघाली होती. पायरीवर बसून ती पाण्यात पाय हलवत होती. बॅग मात्र बापाच्या हातात होती, आणि ती तो खाली ठेवत नव्हता.

कुकर लावण्यापासून ताप आल्यावर काय घ्यायचं इथपर्यंत सगळं शिकवून झालं, असं त्यानं माईंना सांगितलं. मेतकूट दिलं, सुईदोरा दिला, परक्या माणसाशी किती बोलायचं तेही दिलं. तरी डोळ्याला डोळा लागत नाही.

"सगळ्याला नुसतं 'हो बाबा' म्हणते. कच्ची आहे अजून. तुम्ही नको म्हणालात, तर वर्षभर थांबवतो. तुमचा शब्द ती मोडणार नाही."

पायरीपाशी पाणी हलायचं थांबलं. पोरीनं ऐकलं होतं.

"तू एवढं सांगितलंस," माई म्हणाल्या. "तिनं काही विचारलं का?"

"ती काय विचारणार?"

"आठव."

धुक्यात कुठेतरी एक पाखरू ओरडलं आणि गप्प झालं. पद्माकर आठवू लागला. मास्तरांना प्रश्न विचारायची सवय, त्यांना विचारलेले प्रश्न लक्षात कशाला राहतील?

"एकदा विचारलं होतं," तो म्हणाला. "कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली... बाबा, मी गेल्यावर संध्याकाळी तुम्ही काय कराल?"

"मग?"

"मी म्हटलं... कणकेत पाणी जास्त झालंय."

एवढ्या साध्या वाक्यात आपल्याला रडू का यावं, हे त्याला समजेना.

माई उठून आत गेल्या आणि दह्याची वाटी घेऊन आल्या. निघणाऱ्याच्या हातावर दही घालायचं, ही घरोघरची रीत. ते पाहून पोरीचा चेहरा उजळला. ती ओल्या पायांनी वर आली आणि तिनं उजवा तळवा पुढे केला.

माई तिच्यासमोर थांबल्या. तिच्या केसांवरून हात फिरवला, आणि तशाच पुढे गेल्या.

"हात," त्या पद्माकरला म्हणाल्या.

तो गोंधळला. पण माईंनी मागितल्यावर हात पुढे करायचा, एवढं त्याच्या अंगात मुरलेलं होतं. त्यानं बॅग खाली ठेवली. उजव्या हाताखाली डावा धरला. माईंनी दही घातलं. ते थंडगार होतं.

शाल्मलीनं बॅग उचलली. वाकून आधी माईंच्या, मग बापाच्या पाया पडली.

"येते, बाबा."

ती बांधावरून एस.टी.च्या थांब्याकडे चालू लागली. पद्माकरला तिच्या मागे धावायचं होतं, बॅग घ्यायची होती, निदान डोळे तरी पुसायचे होते. पण दोन्ही हात अडकलेले, आणि शकुनाचं दही सांडायचं कसं? बांधावर धुक्यानं आधी तिचे पाय घेतले, मग बॅग, मग सगळी पोर.

"माई, तुमचं काहीतरी चुकलं..." तो कसाबसा म्हणाला. "दही तिच्या हातावर द्यायचं होतं. जायचं तिला होतं."

माईंनी चमचा वाटीत ठेवला.

"लांबचा प्रवास तुझा आहे, पद्माकर. चाट."